डोळे मिटलेले कासव : नाशिकमधील एका प्रकरणाचा पेशींच्या पातळीवरील अभ्यास

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात नाशिकच्या इंदिरानगर भागातील एका घरच्या पाळीव कासवाने अन्न पूर्णपणे सोडले. दोन्ही डोळ्यांच्या पापण्या सुजून मिटल्या होत्या, डोक्याच्या उजव्या बाजूला कानाच्या जागी वाटाण्याएवढा फुगवटा आला होता आणि एरवी पाण्यात सतत हालचाल करणारा हा प्राणी टबातल्या दगडावर मान आत ओढून बसून राहू लागला होता. कासव लाल-कानी जातीचे, म्हणजे मत्स्यालयाच्या दुकानांत ‘रेड-इअर्ड स्लायडर’ या नावाने विकले जाणारे होते. वय साधारण दीड वर्ष, पाठकवचाची लांबी ९ सेंटिमीटर आणि वजन ११५ ग्रॅम. एवढ्या लांबीच्या धडधाकट कासवाचे वजन याहून जास्त भरायला हवे होते.

मी प्राणिशास्त्र शिकवते. उपचार हे माझे काम नव्हे. या घरातील मुलीची आई माझी जुनी विद्यार्थिनी असल्याने हे प्रकरण माझ्यापर्यंत आले आणि माझा सहभाग सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्ट्यांपुरताच राहिला. तरीही ते सविस्तर लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते. या प्रकरणात सुरुवातीला जे जे चुकत गेले, त्याच्या मुळाशी एकच गृहीतक होते, ते म्हणजे कासवाच्या पेशी माणसाच्या किंवा कुत्र्या-मांजराच्या पेशींसारख्याच वागतील. डोळ्यांत घातलेले थेंब, रक्ताचा पहिला अहवाल, कानातल्या पुवाबद्दलची अपेक्षा आणि बरे होण्यास लागणाऱ्या काळाचा अंदाज, हे सर्व त्या गृहीतकावर उभे होते.

घरातली परिस्थिती

प्रथम जातीची खात्री करून घेतली. ही पायरी औपचारिक नाही. भारतीय मऊ झडपांचे कासव किंवा चांदणी कासव घरात ठेवणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे, आणि लोक अनेकदा अजाणतेपणी ते पाळतात. डोळ्यामागचा लाल पट्टा, कठीण व खवल्यांनी झाकलेले पाठकवच आणि पोटकवचावरचे काळे ठिपके पाहता हे कासव निःसंशय उत्तर अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले होते. घरच्यांनी ते रुपयाच्या नाण्याएवढे असताना विकत घेतले होते. देवळाच्या गाभाऱ्यासमोर कासव असते, तेव्हा घरातही ते असावे, अशी आजींची इच्छा होती, आणि मुलीला ते सोबतीला हवे होते.

टब बंदिस्त गॅलरीत, फरशीवर ठेवलेला होता. नाशिकच्या थंडीत पहाटेचा पारा १० अंशांच्या खाली जाणे नित्याचे आहे; जिल्ह्यातील निफाड तर महाराष्ट्रातील सर्वांत थंड ठिकाणांत गणले जाते. सकाळी मोजले तेव्हा टबातील पाणी १६ अंश सेल्सिअस होते. गॅलरीत दुपारी ऊन येत असे, पण ते काचेतून. खाण्यात दुकानातून आणलेली सुकी कोळंबी, अधूनमधून शिजवलेल्या चिकनचे तुकडे आणि मुलगी प्रेमाने टाकत असलेला पोळीचा कुस्करा, एवढेच होते. हिरवा पाला, जिवंत गांडूळ, संपूर्ण मासा यांपैकी काहीही त्याने दीड वर्षात पाहिले नव्हते.

आजींचे म्हणणे असे होते की, थंडीत कासव झोपतेच, त्याला उगीच हलवू नये. या म्हणण्यात तथ्य आहे आणि म्हणूनच ते बारकाईने तपासावे लागते. आपल्या मूळ प्रदेशात ही कासवे हिवाळा तळ्याच्या तळाशी काढतात, आणि त्या काळात त्यांच्या पेशी जे करतात ते सस्तन प्राण्यांना मुळीच जमत नाही. थंड पाण्यात, जवळजवळ ऑक्सिजनशिवाय, कित्येक आठवडे ती जिवंत राहतात. मेंदूतील चेतापेशी आपल्या आवरणातील आयनांचे मार्ग मोठ्या प्रमाणात बंद करतात, त्यामुळे आयन परत पंप करण्यासाठी लागणारी ऊर्जा वाचते. ऑक्सिजनविना चालणाऱ्या ग्लुकोजच्या विघटनातून तयार होणारे आम्ल मात्र साचत जाते. त्याचे उदासिनीकरण करण्यासाठी कवचातील हाडांमधून कॅल्शियम कार्बोनेट रक्तात सोडले जाते, आणि या आम्लातील लॅक्टेटचा बराच भाग उलट कवचातच साठवला जातो. कासवाचे कवच संरक्षणापुरते आहे, असे मानणाऱ्यांनी हे मुद्दाम लक्षात घ्यावे. बरगड्या आणि मणके यांच्याशी एकजीव झालेले ते जिवंत हाड आहे, त्यात रक्तवाहिन्या व चेतातंतू आहेत आणि शरीराच्या रसायनात त्याचा रोजचा सहभाग असतो.

परंतु १६ अंश तापमान म्हणजे ही निद्रा नव्हे. या तापमानाला भूक मंदावते, पचन जवळजवळ थांबते, रोगप्रतिकारक पेशी सुस्त होतात आणि तरीही पेशींचा ऊर्जाखर्च चालूच राहतो. निद्रेसाठी शरीरात आधी साठा असावा लागतो. या प्राण्याकडे तो नव्हता. शिवाय निद्रेत पापण्या सुजत नाहीत. आजींना हे सांगितल्यावर त्यांनी स्वतःच टब स्वयंपाकघराशेजारच्या उबदार खोलीत हलवायला लावला.

रक्ताचा पहिला अहवाल

माझ्याकडे येण्यापूर्वी कुटुंबाने एका दवाखान्यात कासव दाखवले होते. तेथे डोळ्यांसाठी प्रतिजैविकाचे थेंब दिले गेले आणि रक्ताचा नमुना जांभळ्या झाकणाच्या नळीत घेऊन प्रयोगशाळेत पाठवला गेला. यंत्राने दिलेल्या अहवालात पांढऱ्या पेशींची संख्या इतकी प्रचंड होती की, रक्ताच्या कर्करोगाचा उल्लेख झाला. घरात दोन दिवस कोणी नीट जेवले नाही, असे आईने सांगितले.

तो अहवाल कासवाबद्दल जवळजवळ काहीच सांगत नव्हता, आणि त्याची दोन कारणे होती. पहिले कारण नळीतील ईडीटीए. रक्त गोठू नये म्हणून कुत्रा, मांजर आणि माणूस यांच्यासाठी हे रसायन सर्रास वापरले जाते, परंतु कासवांच्या अनेक जातींत त्यामुळे तांबड्या पेशी फुटतात. अहवालाच्या कोपऱ्यात नमुन्यातील पेशी अंशतः फुटल्याची नोंद होतीच, फक्त तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. कासवाच्या रक्तासाठी लिथियम हेपारिनची नळी वापरावी लागते.

दुसरे कारण अधिक मूलभूत आहे. माणसाची तांबडी रक्तपेशी परिपक्व होताना आपले केंद्रक टाकून देते. कासवाची तसे करत नाही. तिचा आकार लंबगोल, लांबी सुमारे २० मायक्रोमीटर, म्हणजे माणसाच्या तांबड्या पेशीच्या अडीच पटींहून अधिक असते आणि मधोमध ठळक केंद्रक असते. रक्त गोठवण्याचे काम करणाऱ्या पेशीही सस्तन प्राण्यांतील बिंबिकांप्रमाणे तुकड्यांच्या स्वरूपात नसतात. त्या केंद्रकासह पूर्ण पेशी असतात. सस्तन प्राण्यांसाठी बनवलेले यंत्र आधी तांबड्या पेशी फोडते आणि उरलेली केंद्रके पांढऱ्या पेशी म्हणून मोजते. कासवाच्या बाबतीत प्रत्येक तांबडी पेशी एक केंद्रक मागे ठेवते, आणि यंत्र तीही मोजत राहते. अहवालातला आकडा मुळात तांबड्या पेशींचाच होता.

याच वैशिष्ट्याची उपयुक्त बाजूही येथे नोंदवते. लाल-कानी कासवाच्या प्रत्येक तांबड्या पेशीत ५० गुणसूत्रांचा संपूर्ण संच असतो. त्यामुळे कासवांच्या आनुवंशिक अभ्यासासाठी रक्ताचा एखादा थेंबही पुरतो. माणसाच्या रक्तातून डीएनए मिळवायचा तर तो पांढऱ्या पेशींतूनच घ्यावा लागतो. माझ्या विद्यार्थ्यांना ही काचपट्टी दाखवते, तेव्हा पाठ्यपुस्तकातील ‘तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसते’ हे वाक्य फक्त सस्तन प्राण्यांपुरते खरे आहे, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरा नमुना

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या उपचारांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यांनी नवा नमुना मानेतील शिरेतून घेतला. कासवात रक्त घेण्याच्या इतर जागी लसिका मिसळून रक्त पातळ होण्याची शक्यता असते, म्हणून ही शीर अधिक विश्वासार्ह मानतात. सुईतला पहिला थेंब तसाच काचपट्टीवर पसरवला, कारण हेपारिनमुळे रंग बिघडतो, आणि उरलेले रक्त हेपारिनच्या नळीत गेले. पांढऱ्या पेशी नॅट आणि हेरिक यांच्या द्रावणाने रंगवून, मोजणीच्या काचपात्रात हाताने मोजल्या. हे काम वेळखाऊ आहे, पण त्याला पर्याय नाही.

पांढऱ्या पेशी वाढलेल्या होत्या, परंतु माफक प्रमाणात, दीर्घकाळ चाललेल्या दाहात अपेक्षित असतात तितक्याच. कर्करोगाची शंका तेथेच संपली. लिशमनच्या रंगाने रंगवलेल्या पट्टीत हेटरोफिल या प्रकारच्या पांढऱ्या पेशी जास्त दिसल्या आणि त्यांपैकी काहींचा पेशीद्रव निळसर, कणिका विरळ झालेल्या होत्या. संसर्गाशी झगडणाऱ्या पेशी अशा दिसतात. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील पेशींचा घनभाग, १७ टक्के होता. निरोगी लाल-कानी कासवात तो साधारणपणे २५ ते ३३ टक्क्यांच्या आसपास असतो. पट्टीवर तरुण, निळसर झाक असलेल्या तांबड्या पेशी फारच तुरळक होत्या. अर्थ असा की, रक्त कमी झाले होते आणि नवे तयार होण्याचे कामही जवळजवळ थांबलेले होते. थंडी, उपासमार आणि जुनाट आजार एकत्र आले की असेच चित्र दिसते.

पापणीखालचा थर

या प्रकरणाचा खरा उलगडा मात्र रक्तात झाला नाही. तो पापणीच्या आतून हलकेच खरवडून घेतलेल्या पेशींत झाला.

डाव्या पापणीखाली पांढरट, चिकट, थरांचा गोळा साचलेला होता. तो पू असावा, असे सर्वांना वाटत होते आणि थेंबांचा उपचार त्याच समजुतीवर चालला होता. पट्टीवर मात्र जंतू थोडे आणि हेटरोफिलही थोडेच होते. दृष्टिक्षेत्र भरून गेले होते ते चपट्या, कोनदार, केराटिनने (नखे व केसांतील कठीण प्रथिनाने) भरलेल्या पेशींनी. त्यांतील कित्येकांचे केंद्रक नाहीसे झालेले होते. अशा पेशी त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात असतात. नेत्रश्लेष्मलेवर, म्हणजे पापणीच्या आतील पातळ आवरणावर, त्यांना जागा नाही. तेथे ओलसर, श्लेष्मा स्रवणारा अभिस्तर असायला हवा, ज्यात मधूनमधून श्लेष्मा बनवणाऱ्या चषक पेशी असतात. म्हणजे डोळ्याच्या आतील थराचे रूपांतर कोरड्या, शिंगासारख्या थरात झाले होते आणि तो थर सोलपटत पापणीखाली साचत होता.

पेशीशास्त्रात या बदलाला पट्टकी मेटाप्लेशिया म्हणतात आणि त्याचे सर्वांत परिचित कारण जीवनसत्त्व ‘अ’चा अभाव हे आहे. उंदरांच्या आहारातून हे जीवनसत्त्व काढून घेतल्यावर श्वासनलिका, ग्रंथी आणि मूत्रमार्ग यांचे अस्तर केराटिनयुक्त होते, असे वॉलबाख आणि हाउ यांनी १९२५ मध्ये दाखवले. पाळीव पाणकासवांच्या पिल्लांमधील डोळ्यांच्या सुजेचा संबंध याच अभावाशी असल्याचे एल्कन आणि झ्वार्ट यांनी १९६७ मध्ये ऊतींच्या अभ्यासातून मांडले. तेव्हापासून हा आजार कासवांच्या वैद्यकात सुपरिचित आहे. तो अनोळखी राहतो तो फक्त कासव विकणाऱ्याला आणि पाळणाऱ्याला.

पेशीत नेमके काय घडते, हे थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण उपचाराचा वेग त्यावरच ठरतो. अभिस्तराच्या तळथरात मूल पेशी असतात. त्या विभाजित होतात आणि त्यांच्या कन्यापेशी वर सरकताना कोणते रूप घ्यायचे, हे त्यांना मिळणाऱ्या रासायनिक संदेशांवर अवलंबून असते. यकृतात साठवलेले रेटिनॉल, म्हणजे जीवनसत्त्व ‘अ’, वाहक प्रथिनाला जोडून रक्तातून येते, पेशीत शिरल्यावर त्याचे रेटिनॉइक आम्लात रूपांतर होते आणि हे आम्ल केंद्रकातील ग्राही प्रथिनांना जोडले जाऊन जनुकांचे काम बदलते. श्लेष्मा बनवणारी पेशी घडवणारी जनुके चालू राहतात, केराटिनची जनुके दबलेली राहतात. हा संदेश थांबला की कन्यापेशी त्वचेचे रूप घेतात. त्या मेलेल्या नसतात, संसर्ग झालेल्याही नसतात; सूचना न मिळाल्याने त्या दुसऱ्याच रूपात वाढलेल्या असतात. प्रतिजैविकाच्या थेंबांनी त्यांच्यावर काही परिणाम न होण्याचे कारण हेच.

कासवाच्या डोळ्यात हा बदल इतका ठळक का दिसतो, याचे उत्तर त्याच्या शरीररचनेत आहे. नेत्रगोलाभोवती अश्रुग्रंथी आणि हार्डेरियन ग्रंथी अशा दोन मोठ्या ग्रंथी असतात. त्यांच्या नलिकांचे अस्तर केराटिनयुक्त झाले की सुटलेल्या पेशींनी नलिका बुजतात, स्राव आत अडकतो, ग्रंथी फुगतात आणि पापण्या आतून ढकलल्या जाऊन मिटतात. बाहेरून दिसणारी सूज ही प्रामुख्याने या ग्रंथींची असते. याच वेळी श्वासमार्ग, मूत्रपिंडाच्या नलिका आणि स्वादुपिंडाच्या नलिका यांतही तोच बदल चालू असू शकतो. श्वासमार्गातील रोमक पेशी नाहीशा झाल्या की घाण बाहेर ढकलली जात नाही. कासवाला माणसासारखे मध्यपटल नसल्याने त्याला जोराचा खोकला येत नाही. फुप्फुसे पाठकवचाच्या लगेच खाली असतात आणि तेथे साचलेला स्राव तेथेच राहतो. म्हणून अशा प्रत्येक कासवात न्यूमोनियाची शंका घ्यावी लागते. हे कासव पाण्यात सोडल्यावर एका बाजूला कलत नव्हते आणि नाकातून फुगे येत नव्हते, ही समाधानाची बाब होती.

आता प्रश्न राहिला तो आजार दिसायला दीड वर्ष लागण्याचा. पिल्लू अंड्यातून बाहेर येते तेव्हा आईने बलकात दिलेला जीवनसत्त्वाचा साठा त्याच्या यकृतात असतो आणि तो काही महिने पुरतो. सुक्या कोळंबीत आणि चिकनच्या स्नायूंत जीवनसत्त्व ‘अ’ अत्यल्प असते. जंगलातील पिल्लू कीटक, गोगलगायी आणि लहान मासे सगळेच्या सगळे, आतड्या-यकृतासह खाते. साठा हळूहळू संपतो, पेशी हळूहळू बदलतात, आणि घरच्यांना जाणवण्याइतका बदल होईपर्यंत कित्येक महिने लोटलेले असतात. ‘काल-परवापर्यंत चांगले होते,’ हे आईचे वाक्य प्रामाणिक होते, पण पेशींच्या पातळीवर ते खरे नव्हते.

याच आहाराचा दुसरा परिणाम कवचावर दिसत होता. कडेचे खवले बोटाने दाबल्यास किंचित वाकत होते. स्नायूंच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असते. त्यातच, साधी काच सूर्यप्रकाशातील यूव्हीबी किरण जवळजवळ पूर्णपणे अडवते. त्वचेत जीवनसत्त्व ‘ड’ तयार होण्यासाठी २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरणच लागतात. काचेमागचे ऊन कासवाला ऊब देत होते, जीवनसत्त्व देत नव्हते.

कानातली गाठ

उजव्या कानाचा फुगवटा वेगळा आजार नव्हता. घशापासून मध्यकर्णापर्यंत जाणाऱ्या नलिकेचे अस्तरही बदलले होते, नलिका बुजली होती आणि आत अडकलेल्या जागेत जंतू वाढले होते. कुटुंबाची अपेक्षा अशी होती की गाठ पिकेल, फुटेल आणि वाहून जाईल. माणसात तसे होते, कारण आपल्या न्यूट्रोफिल पेशी मृत ऊती वितळवणारी विकरे सोडतात आणि पू पातळ होतो. सरपटणाऱ्या प्राण्यांत त्यांची जागा हेटरोफिल पेशी घेतात. त्यांच्या नारिंगी, चातीच्या आकाराच्या कणिका पट्टीवर अतिशय देखण्या दिसतात, परंतु त्यांत मायलोपेरॉक्सिडेझ हे विकर बहुधा नसते. परिणामी पू पातळ होत नाही; तो कोरडा, थरांचा आणि पनीरासारखा घट्ट गोळा होऊन बसतो. रक्तवाहिन्या नसलेल्या या गोळ्यात प्रतिजैविक पोहोचत नाही. तो कापून काढावाच लागतो.

पशुवैद्यांनी ही शस्त्रक्रिया लगेच केली नाही. थंड शरीरात भूल देणे धोक्याचे असते. औषध यकृतातून बाहेर पडण्यास फार वेळ लागतो आणि प्राणी तासन्‌तास शुद्धीवर येत नाही. शिवाय कासव दीर्घकाळ श्वास रोखून धरू शकते, त्यामुळे मास्कद्वारे वायुरूप भूल देण्याची पद्धत त्याच्यावर फारशी चालत नाही. आधी ऊब, पाणी आणि थोडे पोषण, मग भूल, असा क्रम ठरला. तो क्रम योग्य होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

उपचार

पाणी २६ अंशांवर आणि कोरड्या दगडावरचा भाग दिव्याखाली ३२ अंशांच्या आसपास ठेवण्यात आला. सोबत यूव्हीबी देणारी नळी बसवली. पहिले काही दिवस याहून दुसरे काहीही तातडीचे नव्हते. शीतरक्ती प्राण्यात पेशीविभाजन, विकरांचे काम आणि औषधांचे शोषण हे सर्व तापमानाशी बांधलेले असते. १६ अंशांवर दिलेले उत्तम औषधही पुरेसे काम करत नाही.

जीवनसत्त्व ‘अ’ इंजेक्शनने, अल्प मात्रेत आणि अंतराअंतराने दिले गेले. मात्रा मी येथे मुद्दाम लिहीत नाही. हे जीवनसत्त्व मेदात विरघळते, शरीरातून सहज बाहेर पडत नाही आणि जास्त झाल्यास कासवाची त्वचा पापुद्र्यांनी सोलून निघते, खाली उघडी जखम राहते. अभावावरचा उपचार घरच्या घरी, माणसांसाठीच्या कॅप्सूल फोडून करणे म्हणजे एका आजाराच्या जागी दुसरा आणणे होय. मात्रा वजन करून पशुवैद्यांनीच ठरवावी. इंजेक्शन पुढच्या पायात दिले, कारण कासवाच्या मागच्या भागातील रक्त हृदयाकडे जाण्यापूर्वी मूत्रपिंडांतून जाऊ शकते आणि औषध तेथेच बाहेर टाकले जाण्याचा संभव असतो.

पापणीखालचे गोळे कोमट सलाइनने भिजवून, ओल्या कापसाच्या बोळ्याने हळूहळू काढले. थेंब चालूच ठेवले, पण आता दुय्यम संसर्गापुरते. अन्न नळीने दिले, कारण हे कासव अन्न मुख्यतः डोळ्यांनी शोधते. दिसत नसेल तर ते उपाशी राहते. शिवाय पाणकासवाला गिळण्यासाठी पाणी लागते, ही गोष्ट घरच्यांना ठाऊक नव्हती. दगडावर ठेवलेले चिकन ते का सोडून देत असे, याचा खुलासा त्यातून झाला.

कानावरची शस्त्रक्रिया फेब्रुवारीच्या सुरुवातीला झाली. गोळा अखंड निघाला. जखम शिवली नाही. ती आतून भरून यावी म्हणून उघडी ठेवून रोज धुतली जात होती आणि हे काम आठवीतल्या मुलीने न चुकता केले. प्रत्येक वेळी साबणाने हात धुण्याची अट तिला घातलेली होती. कासवे धडधाकट दिसत असतानाही साल्मोनेला जंतू बाळगतात. याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून ४ इंचांपेक्षा लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी आहे. टबाचे पाणी स्वयंपाकघराच्या मोरीत ओतणे त्याच दिवशी बंद झाले.

पेशींचा वेग

डावा डोळा तिसऱ्या आठवड्यात फटीएवढा उघडला. घरच्यांना हा काळ फार लांब वाटला आणि मधल्या काळात औषध बदलावे का, अशी विचारणा झाली. ते स्वाभाविक होते, पण केराटिनयुक्त झालेली पेशी परत श्लेष्मल पेशी होत नाही. ती सुटून पडावी लागते आणि तळथरातून नव्या सूचनेनुसार वाढलेली पेशी तिच्या जागी यावी लागते. ही बदली थरामागून थर होते. फेब्रुवारीच्या शेवटी पुन्हा खरवडून पाहिले तेव्हा चपट्या पेशी होत्याच, पण बहुतेकांत केंद्रक दिसत होते आणि मधूनमधून फिकट, फुगीर चषक पेशी दिसू लागल्या होत्या. औषध बदलण्याचा विषय त्या पट्टीने बंद केला.

रक्ताची सुधारणा याहूनही सावकाश झाली. माणसाची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. कासवाच्या एका अमेरिकी जातीत ती ६०० ते ८०० दिवस टिकते, असे मोजमापातून दिसून आले आहे. एवढ्या दीर्घायुषी पेशींचा साठा संथपणेच बदलतो. मार्चमध्ये पट्टीवर निळसर झाक असलेल्या तरुण पेशी भरपूर दिसल्या, हेटरोफिलमधील दोष नाहीसे झालेले होते, तरी हिमॅटोक्रिट २० टक्क्यांवरच होता. जूनमध्ये तो २४ झाला.

आहार आता पूर्णपणे बदलला आहे. लहान मासे सबंध, यकृतासह, गांडुळे, शेवग्याचा पाला, किसलेले गाजर आणि लाल भोपळा. पालक क्वचितच, कारण त्यातील ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवते. पाण्यात समुद्रफेणीचा तुकडा ठेवला आहे आणि कासव तो आवडीने कुरतडते. उन्हाळ्यात दिवा बंद करून टब सावलीत आणावा लागला; नाशिकचा एप्रिल चाळिशीला टेकतो आणि उथळ टबातील पाणी जीवघेणे तापू शकते.

कासव नर आहे की मादी, असे मुलीने विचारले होते. एवढ्या लहान वयात बाहेरून ते ओळखता येत नाही, पण उत्तर मात्र कासव अंड्यात असतानाच ठरलेले आहे. या जातीत लिंगगुणसूत्रे नसतात. उबवणीच्या मधल्या टप्प्यात अंड्याचे तापमान २६ अंशांच्या आसपास असेल तर नर आणि ३२ अंशांच्या आसपास असेल तर मादी तयार होते. ऊब आणि जनुके यांच्यातील या दुव्यात केडीएम६बी या जनुकाचा मोठा वाटा असल्याचे २०१८ मध्ये याच जातीच्या भ्रूणांवरील संशोधनातून पुढे आले. या कासवाच्या बाबतीत तो निर्णय मिसिसिपीच्या खोऱ्यातही नव्हे, तर बहुधा एखाद्या पैदास केंद्रातील उबवणी यंत्रात झाला असावा.

ते वाढेल, ३० सेंटिमीटरच्या जवळ जाईल आणि २० ते ३० वर्षे किंवा त्याहून अधिक जगेल, हे कुटुंबाला स्पष्ट सांगितले. नकोसे झाले तर गोदावरीत किंवा गंगापूर धरणात सोडण्याचा पर्याय नाही, हेही सांगितले. ही जात जगातील सर्वांत उपद्रवी १०० परकीय जातींच्या यादीत आहे, आणि गोदावरीच्या खोऱ्यात लीथच्या मऊ कवचाच्या कासवासारख्या मूळच्या जाती आधीच अडचणीत आहेत. परदेशी कासव पुण्य म्हणून नदीत सोडले तरी ते या मूळच्या कासवांच्या अन्नावर आणि ऊन खाण्याच्या जागांवर हक्क सांगते आणि त्यांच्यात नसलेले रोगजंतूही सोबत आणते. वडिलांनी मोठ्या टाकीची तजवीज केली आहे.

उजव्या डोळ्याच्या पारपटलावर मधोमध पांढरट डाग राहिला आहे. पापणी बंद असताना झालेल्या व्रणाची ती खूण असून तो पुसला जाण्याची शक्यता कमी आहे, म्हणून पशुवैद्यांनी त्याला हात न लावण्याचे ठरवले. अन्न डाव्या बाजूने टाकले की कासव ते अचूक पकडते. दिवाळीनंतर, पाणी थंड होण्यापूर्वी, वजन आणि हिमॅटोक्रिट पुन्हा मोजायचे ठरले असून तोपर्यंत जीवनसत्त्वाचे आणखी इंजेक्शन द्यायचे नाही.